फुकट मागितलेला कप्पा

येरवड्याच्या एका गल्लीत पत्र्याच्या छपराखाली बसून चामड्याच्या बॅगा शिवणारी एक बाई आहे. तिच्यावर माझा राग आहे. राग फार जुना नाही, दोनेक वर्षांचा असेल, पण मी तो नीट जपला आहे. तिनं मला एक रुपयासुद्धा कमी केला नाही. मार्केट यार्डात मी चाळीस वर्षं गुळाचा व्यापार केला. भाव न उतरवणारे लोक मला तिथेही भेटले, पण ते निदान माझ्याशी भांडायचे तरी. ही बाई भांडलीसुद्धा नाही.

ओळखीचे लोक मला विचारतात, हातानं शिवलेली चामड्याची बॅग घ्यावी का, तेवढे पैसे घालण्यासारखं तिच्यात असतं तरी काय? मी फसत नाही अशी माझी ख्याती आहे, म्हणून मला विचारतात. मी त्यांना सांगतो, काठ बघा, आतली बाजू बघा, टाका बघा. हे खरंच आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं सांगायचं तर माझ्या बायकोचे डोळे मध्ये येतात आणि माझी जीभही मध्ये येते. चहा पिता पिता सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

मी अठराव्या वर्षी पाठीवर पोती वाहायला यार्डात आलो. हमाली करताना एक गोष्ट पक्की कळली. गप्प राहणाऱ्याला उरलेलं मिळतं. मग मी बोलायला लागलो. पुढे स्वतःचा गाळा झाला, घर झालं, मुलीचं लग्न झालं, तरी ती सवय सुटली नाही. मी दवाखान्यात घासाघीस केली आहे, लग्नाच्या हॉलवर केली आहे, आणि एकदा तर पंगतीतल्या आचाऱ्याशी जिलेबीवरून केली आहे. समोरचा भावात हललाच नाही तर मी वर काहीतरी मागतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर, कापडवाल्याकडे पिशवी, चपलेच्या दुकानात पॉलिशची डबी. रिकाम्या हातानं परत येणं मला जमत नाही. बायको म्हणते, "हे यमाशीसुद्धा घासाघीस करतील, आणि वर दोन दिवस मागून घेतील."

आमच्या घरात भरवशाची नोकरी तिची होती. ती एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसायची. डाव्या हातानं पावती फाडायची, उजव्या हातानं सुटे द्यायची, आणि दोन्ही हातांकडे न बघता समोरच्याला म्हणायची, "मागच्या बाजूला सही राहिली." लग्नानंतर मी एकदा मुद्दाम तिच्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो. माझा नंबर आला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "काम काय?" मी म्हटलं, "काही नाही, बघायला आलो." ती म्हणाली, "चौकशी पलीकडच्या खिडकीला." ते हात मला फार आवडायचे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या पिढीत सांगत नव्हते.

निवृत्त झाल्यावर तिला काचबिंदू निघाला. डोळ्यांतला दाब वाढून बाजूची नजर आधीच गेली होती. गेलेली परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याशीही वाद घातला. ते ऐकून घेणारे होते. नंतर तिला विचारलं, तुला दिसतं तरी कसं? ती म्हणाली, "बांगडीतून बघावं तसं. बांगडीत सगळं स्वच्छ दिसतं. बांगडीच्या बाहेर काही नाही."

तिची धाकटी बहीण येरवड्यात राहते. दर बुधवारी ही स्वारगेटहून बसनं तिच्याकडे जायची. दोघी जेवायच्या, लोळायच्या आणि माझ्याविषयी बोलायच्या. तो विषय त्यांना वर्षानुवर्षं पुरला होता. नजर गेल्यावरही तिनं बुधवार सोडला नव्हता. समोरचं तेवढं दिसतं, रस्ता पायांना माहीत आहे, असं म्हणून ती जायची.

अडचण झाली ती बॅगेची. खांद्याला अडकवलेली बॅग कमरेपाशी असते, म्हणजे बांगडीच्या बाहेर. मान पूर्ण खाली घालून बघावं तर बस हलत असते. एका बुधवारी चढताना तिला पास सापडेना. किल्ली हाताला लागली, थेंबांची बाटली लागली, चष्म्याचं घर लागलं, पास लागेना. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "आजी, घरून शोधून यायचं ना." तीस वर्षं जिनं लोकांच्या रांगा हलवल्या, तिच्यामुळे रांग अडली. ती खाली उतरली आणि घरी आली. मला इतकंच म्हणाली, "आता तिलाच इकडे बोलावत जाईन."

असे तीन बुधवार गेले. मी म्हटलं, मी येतो बरोबर. ती म्हणाली, "तुम्ही आलात तर आम्ही दोघी बोलणार काय?" हसून म्हणाली, पण पुढच्या बुधवारी साडेदहाच्या सुमाराला ती गॅलरीत उभी होती. ती वेळ तिची घरातून निघायची. साडी नेसून तयार होती आणि कुठे जायचं नव्हतं. मला ते बघवलं नाही. ती एकटी घराबाहेर पडून एकटी परत आली पाहिजे, एवढं मला हवं होतं.

आता त्या जुन्या बॅगेविषयी सांगतो, कारण ती मी आणली होती. एका झगमगीत दुकानातून, भाव चांगला पाडून. पाटीवर अस्सल चामडं असं लिहिलं होतं. गुळाची ढेप फार पिवळीधमक दिसली की मी आधी संशय घेतो, फोडून बघतो, जिभेवर ठेवतो. तिथे मात्र चकाकी बघून भुललो, कारण दुकानदार भराभर भाव उतरवत होता आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या बॅगेचे पापुद्रे सुटायला लागले, भाजलेल्या वांग्याचं साल सुटतं तसे. आत कसलातरी भुसा चिकटवलेला होता. तिच्या प्रत्येक पदराला काळे कण लागायचे. ती ते झटकायची. आत एकच मोठं पोट होतं, त्यात सगळं एकावर एक. डोळस माणसालाही त्यात काही सापडलं नसतं.

मेहुणीचा फोन आला. "दाजी, आमच्या गल्लीत एक बाई आहे, माणूस बघून बॅग शिवते. ताईला पाठवा. तुम्ही येऊ नका."

"का?"

"ती भाव करत नाही."

"म्हणून तर येतो."

मेहुणी म्हणाली, "मग मी दोन दिवस गावाला जाते."

आम्ही गेलो. बाई चाळिशीची, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, अंगठ्याला चामड्याची टोपी. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, त्यावर चामडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी. भिंतीला चार-पाच बॅगा टांगलेल्या, पण त्यांतली एकही तिनं काढून दाखवली नाही. हिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "काकू, जुनी बॅग आणलीय ना? उपडी करा."

ही लाजली. अनोळखी माणसासमोर पोटातलं सगळं काढायचं म्हणजे काय. पण केली उपडी. पास, किल्ली, दोन रुमाल, थेंब, चष्मा, फोन, बडीशेपेची डबी, आणि एक जुनं शाईचं पेन, जे कधीच उमटत नव्हतं.

"हे कशाला?" बाईनं विचारलं.

"नोकरीतलं आहे. असतं आपलं."

बाई हसली नाही. पेन तिनं बाकीच्या वस्तूंबरोबर रांगेत ठेवलं. मग म्हणाली, "आता एकेक परत ठेवा. बघू नका. हात कुठे जातो ते मला बघायचंय."

हिचा हात जाईल तिथे तिनं खाकी कागदावर रेघा मारल्या. बोटं किती खोल जातात, अंगठा कुठे टेकतो. घरातून निघताना आधी काय काढता? बसमध्ये काय? थेंब किती वाजता? बारा वाजता घालायचे म्हणजे बहिणीच्या घरी की वाटेत? मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, मला यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती.

मग तिनं हिच्या हातात चामड्याच्या पट्ट्या दिल्या. एकीचा काठ दुमडून शिवलेला, एकीचा नुसता कापून मेणानं घासलेला, एकीवर दोऱ्याच्या दोन गाठी. "दुमडलेला काठ पासाचा. घासलेला किल्लीचा. गाठी थेंबांच्या. चालेल?" हिनं डोळे मिटून तिन्ही पट्ट्यांवरून बोटं फिरवली, बाईनं त्यांची अदलाबदल केली, हिनं तिन्ही बरोबर सांगितल्या. पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा बरोबर. खिडकीमागे बसणारी बाई मला बऱ्याच दिवसांनी दिसली.

इकडे मी माल तपासत होतो. भिंतीवरची एक बॅग काढली. काठ बघितला. आत भुसा चिकटवलेला असेल तर काठाला रंगाचा थर असतो आणि नखानं तो उचलतो. या बॅगेचा काठ दगडासारखा गुळगुळीत होता आणि आतून बाहेरून एकच. उलटी करून आतली बाजू बघितली, तिथे खरं चामडं दिसतं, केसाळ, मऊ. वास घेतला. टाका ओढून बघितला. बाईनं मान न वळवता सांगितलं, "दोन सुयांनी शिवते. एक दोरा या बाजूनं, एक त्या बाजूनं. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो." माल उत्तम होता. उत्तम मालाला मी खोड काढतो, तो माझा धंदाच होता. मी म्हटलं, "चामड्यावर डाग आहे."

"जनावर काटेरी तारेला घासलं असेल. ते तसंच राहतं."

"म्हणजे कमी भावात मिळालं असणार."

"नाही."

मग तिनं बॅगेचा भाव सांगितला. तेवढ्या पैशांत डझनभर ढेपा गूळ आला असता. मी निम्म्यावर सुरुवात केली, रिवाजाप्रमाणे. ती म्हणाली, "मी भाव एकदाच सांगते काका."

मी चढत गेलो, ती तिथेच राहिली. मी आवाज चढवला, ती दोऱ्याला मेण लावत राहिली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाव करत नाही म्हणजे काय? देवळात बसला आहात का?"

ती म्हणाली, "देवळात आमच्या आजोबांना घेत नव्हते."

आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. सांगायचं म्हणून सांगितलं. मग दोऱ्याचं टोक सुईत ओवत पुढे म्हणाली, "आजोबा गावात चपला शिवायचे. भाव सांगायची सोय नव्हती. सुगी झाली की ज्याच्या मनाला येईल तेवढं तो सुपात टाकायचा, लांबून. मिळेल ते घेऊन यायचं. वडील पुण्यात आले तेव्हा त्यांनी ठरवलं, इथून पुढे भाव आपण सांगायचा. एकदाच सांगायचा. बाकी तुमची इच्छा."

माझं बोलणं हे माझ्या गरिबीतून आलेलं आहे, हे मला तिला सांगायचं होतं. पण तिचं न बोलणंही तिथूनच आलेलं होतं, आणि ते जरा जास्त लांबून. मी स्टुलावर बसलो. बायको माझ्याकडे बघत होती, बांगडीत मला बरोबर धरून.

इथे मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. रिकाम्या हातानं उठायचं म्हणजे पाय उचलेनात. मी म्हटलं, "बरं. भाव तुमचा राहिला. वर एक कप्पा जास्त घाला."

"कसला?"

"कसला म्हणजे? कप्पा. पुढच्या बाजूला, आतून, वर. कशालाही होईल."

"काकूंना लागणार नाही. हात अडकेल त्यांचा."

"एक कप्पा जास्त झाला म्हणून कोणी मेलेलं नाही. भाजीबरोबर कोथिंबीर टाकतात तसं समजा."

बाईनं हिच्याकडे बघितलं. हिनं हातातली पट्टी ठोकळ्यावर ठेवली. मग म्हणाली, "घाला हो. नाहीतर आठ दिवस जेवणात खोड काढतील."

"बरं," बाई म्हणाली. "कोथिंबीर."

तीन आठवड्यांनी बॅग आली. गुळाच्या रंगाची, गाळपाच्या पहिल्या दिवसांतल्या चांगल्या गुळाच्या. उघडली की तोंड आ करून उभी राहायची, लवंडायची नाही. शाईच्या पेनाला सुद्धा एक अरुंद घर केलेलं होतं, न मागता. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि माझा कप्पा उघडून बघितला. तोही नीट शिवलेला होता. फुकटचा म्हणून टाका कुठे लांब टाकलेला नव्हता.

बुधवारी ती निघाली. मी गॅलरीतून बघितलं. खांद्याला बॅग, पाठ ताठ. मी यार्डात चक्कर मारायला गेलो आणि दोन-तीन जणांना सांगितलंही की बॅग खास शिवून घेतली, वर एक कप्पा काढला.

दुपारी मेहुणीचा फोन. "दाजी, ताई आली नाही."

घरी आलो तर ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. बॅग दाराजवळच्या खिळ्याला.

"काय झालं?"

"काही नाही. गर्दी होती."

"पास सापडला नाही?"

तिनं ताटलीतला एक खडा काढला. "बॅग छान आहे हो. माझाच हात चुकतो."

पुढच्या बुधवारी ती तयारही झाली नाही. गॅलरीत गेली नाही. बॅग खिळ्याला तशीच.

तिचा हात चुकतो, हे मला पटेना. ते हात चुकणारे नव्हते. माल तपासल्याशिवाय मी कोणाचा शब्द घेत नाही, तिचाही नाही. ती दुपारी झोपली तेव्हा मी बॅग खिळ्यावरून काढली, गळ्यातला पंचा डोळ्यांवर बांधला, बॅग खांद्याला अडकवली आणि दारामागे उभा राहिलो. पास काढायचा. हात आत घातला. बोटं थेट एका कप्प्यात गेली आणि तळाला टेकली. रिकामा. पुन्हा घातला. पुन्हा तिथेच. पासाचा दुमडलेला काठ त्याच्या खाली चार बोटांवर होता, पण तिथे जायच्या वाटेवरच हा कप्पा तोंड उघडून बसला होता. किल्लीला गेलो तरी मनगट त्याच्या काठात अडकत होतं. तिच्या हाताचा नकाशा काढून त्या बाईनं जी वाट आखली होती, तिच्या मधोमध मी माझी कोथिंबीर लावून ठेवली होती.

पंचा सोडला तेव्हा ती दारात उभी होती.

"काय करताय?"

"माल बघतोय."

तिनं माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि खिळ्याला लावली.

दुसऱ्या दिवशी मी एकटा येरवड्याला गेलो. बाईनं बॅग बघितली आणि काही विचारलं नाही. मला ते जास्त लागलं. मी म्हटलं, "तो कप्पा काढायचाय."

"काढते. त्याचे पैसे पडतील."

"घातला फुकट आणि काढायचे पैसे?"

"घालताना बॅग उघडी होती. आता शिवण उसवायची, पुन्हा शिवायची. अर्धा दिवस जातो."

"तुम्हाला माहीत होतं हात अडकणार, मग घातलात कशाला?"

"काकू घाला म्हणाल्या. बॅग त्यांची आहे."

"तिला तरी कळायला नको होतं?"

बाईनं हातातली आरी खाली ठेवली. "त्यांना कळलं होतं. पट्ट्या ओळखणाऱ्या बाईंना ते कळणार नाही? त्या का घाला म्हणाल्या, ते तुम्ही घरी विचारा."

विचारायची गरज नव्हती. मी रिकाम्या हातानं उठू नये म्हणून ती घाला म्हणाली होती. मग बसमधून उतरून घरी आली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हात चुकतो म्हणाली. मी तिथे स्टुलावर बसलो. बाईनं माठातलं पाणी दिलं. ते घेतलं.

"किती पडतील?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. माझं तोंड सवयीनं उघडलं, आणि मी ते मिटलं. पैसे ठोकळ्यावर ठेवणार होतो, तेवढ्यात थांबलो आणि तिच्या हातात दिले. तिनं घेतले.

"कमी करायचे पैसे आजवर कोणी दिले नव्हते," ती म्हणाली.

"मीही दिले नव्हते."

संध्याकाळी बॅग घ्यायला गेलो तर कप्पा गेला होता, पण जिथे तो शिवला होता तिथे पुढच्या पानावर, म्हणजे बॅगेच्या दर्शनी चामड्यावर, भोकं राहिली होती. दोन उभ्या ओळी आणि खाली एक आडवी, बाहेरून स्पष्ट दिसणारी. गुळासारख्या त्या अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी.

"ही बुजवा," मी म्हटलं.

"कापड नाही हे. चामड्याला भोक पडलं की पडलं."

"मग पुढचं पान बदला. पैसे देतो." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडून.

"आधी काकूंना दाखवा. मग सांगा."

घरी आणली. ती पलंगावर बसली होती. मी बॅग तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "कोथिंबीर काढली."

तिनं हात आत घातला. पास. किल्ली. थेंब. पेन. पुन्हा पास. प्रत्येक वेळी हात सरळ गेला आणि सरळ बाहेर आला, पूर्वी पावती फाडून यायचा तसा. मग बाहेरून तिची बोटं भोकांवर आली आणि थांबली. उभी ओळ, आडवी ओळ, पुन्हा उभी.

"पान बदलून देते म्हणते," मी म्हटलं. "आठ दिवसांत."

"नको."

"दिसतं ते वाईट."

"मला कुठे दिसतं?" ती म्हणाली. मग हसली. "असू द्या हो. ही बॅग दोन्हीकडून सारखीच लागते हाताला. घाईत उलटी अडकवली तर पास पाठीकडे जातो. आता भोकं बाहेर म्हणजे सुलट." तिनं बॅग खांद्याला लावली, बोटं फिरवली, मान डोलावली. "तुमची तेवढी आठवण राहू द्या."

मला यावर चिडायचं होतं. जमलं नाही.

पुढच्या बुधवारी ती साडेदहाला निघाली. मी गॅलरीत गेलो नाही. यार्डातही गेलो नाही. फोन समोर ठेवून बसलो. पाऊण तास गेला, तास गेला. बारा वाजता मेहुणीचा फोन आला. ती म्हणाली, "दाजी, ताई थेंब घालतेय. मग जेवू. ठेवते, आम्हाला बोलायचंय."

त्या बाईनं भाव एक रुपयाही कमी केला नाही, वर मी चूक केली तिचेही पैसे घेतले, आणि मला माझ्या बायकोविषयी एक गोष्ट सांगितली जी मला आधी माहीत असायला हवी होती. यांतलं कोणतं जास्त लागलं, ते मी अजून ठरवलेलं नाही. मेहुणीकडे गेलो की त्या बाईच्या दारावरून जावं लागतं. ती मान हलवते, मीही हलवतो. गेल्या महिन्यात यार्डातल्या एका माणसाला मीच तिचा पत्ता दिला. तो म्हणाला, "कितीपर्यंत उतरेल?" मी म्हटलं, "ती सांगेल ते दे. आणि बायकोला बरोबर ने. तू बोलू नकोस."

तर ती बहिणीकडे पोचली त्या बुधवारी चार वाजून गेल्यावर जिन्यात तिची पावलं वाजली. एरवी मी उठून दार उघडतो, ती किल्ली शोधत बाहेर ताटकळू नये म्हणून. त्या दिवशीही उठलो, दारापर्यंत गेलो, कडीवर हात ठेवला. पलीकडे ती थांबली. शोधाशोध नाही, वस्तूंची खडखड नाही. तेवढ्यात किल्ली कुलपात फिरली. मी हात काढून घेतला आणि घाईनं खुर्चीत येऊन बसलो, तिला मी बसलेलाच दिसावा म्हणून.